शब्दापाठीमागची सेतार : एका इराणी वाद्याची लोकप्रियता आणि काव्यव्यवहार

१

वाद्याची लोकप्रियता सामान्यतः तीन गोष्टींच्या आधारे समजावून सांगितली जाते : त्याचा आवाज किती दूर पोहोचतो, त्यावर किती वेगाने वाजवता येते आणि सभागृहात ते कसे दिसते. इराणची सेतार या तिन्ही कसोट्यांवर उणी ठरते. तुतीच्या लाकडाचा लहानसा तुंबा, त्यावर पातळ लाकडी तबली, तबलीला बारीक छिद्रे, लांब आणि सडपातळ दांडी, दांडीला गुंडाळलेले आतड्याचे किंवा अलीकडे नायलॉनचे सरकते पडदे, आणि चार तारा, एवढाच तिचा संभार. आपला सतारिया ज्या तर्जनीत मिजराब घालतो त्याच तर्जनीच्या उघड्या नखाने सेतार छेडली जाते. तिचा नाद एका खोलीपुरता असतो. आवाजाच्या दृष्टीने तिचे थोरले भावंड शोभेल असे ‘तार’ हे वाद्य कोकराच्या पातळ कातड्याने मढवलेले असते आणि मेणात बसवलेल्या पितळी नखीने वाजवले जाते. दरबारात आणि मैफलीत तारेचा मान मोठा होता. सेतार ही वादकाने स्वतःसाठी, फार तर दोन-चार स्नेह्यांसाठी वाजवण्याची गोष्ट होती.

असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेतार इराणी अभिजात संगीताची एक प्रमुख ओळख बनली. रेडिओवरून ती घरोघर ऐकली गेली, ध्वनिफितींतून पसरली, आणि आज इराणमध्ये व इराणबाहेरच्या इराणी वस्त्यांत शिकणाऱ्यांची मोठी संख्या या वाद्याकडे वळते. हे कसे घडले, हा प्रश्न वरकरणी संगीतशास्त्राचा आहे. परंतु प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, त्याचे उत्तर साहित्यव्यवहाराला वगळून देता येत नाही. सेतारीच्या श्रोत्याच्या मनात फारसी कविता आधीपासून मुखोद्गत होती. वादकांनी शब्दावाचून त्या कवितेचे पठण चालू ठेवले. या जोडीवर सेतारीची लोकप्रियता उभी आहे. ही जोडी सुटली की काय उरते, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने विशेषत्वाने विचारायला हवा.

२

प्रारंभी एका संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. मराठी वाचकाला ‘रदीफ’ हा शब्द गझलेमुळे परिचित आहे. काफियानंतर प्रत्येक शेराच्या अखेरीस जसाच्या तसा येणारा शब्द वा शब्दसमूह म्हणजे रदीफ. इराणी संगीतात मात्र याच शब्दाने संपूर्ण परंपरागत भांडाराचा निर्देश होतो. सात दस्तगाह आणि त्यांना जोडलेले पाच आवाज यांच्या अंतर्गत ‘गूशे’ नावाच्या लहान स्वराकृती ठरावीक क्रमाने मांडलेल्या असतात. त्या क्रमबद्ध मांडणीला रदीफ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एकाच वाहनावर स्वाराच्या पाठीमागे बसणारा असा आहे. काव्यातला रदीफ काफियामागे बसतो, संगीतातला एक गूशे दुसऱ्यामागे बसतो. दोन्ही व्यवहारांत क्रमाची आणि अनुसरणाची कल्पना समान आहे.

संगीतातल्या या भांडाराचे आज सर्वाधिक प्रमाण मानले जाणारे रूप मिर्झा अब्दुल्ला (१८४३-१९१८) यांच्या नावाने ओळखले जाते. ते काजार दरबारातील तारवादक अली अकबर फराहानी यांचे पुत्र. तार आणि सेतार दोन्ही वाजवीत. त्यांचे बंधू आका हुसेनकुली (१८५३-१९१६) तारवादनात अग्रणी होते. मिर्झा अब्दुल्लांच्या रदीफात सुमारे अडीचशे गूशे आहेत. ते मौखिक परंपरेने शिष्यांकडे गेले. पुढे १९९१ मध्ये झाँ द्युरिंग यांनी आणि २००० मध्ये दारियुश तलाई यांनी ते स्वरलिपीत प्रसिद्ध केले. २००९ मध्ये युनेस्कोने इराणी संगीताच्या रदीफाचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत समावेश केला. मौखिक भांडार, त्याचे एका घराण्याकडून होणारे जतन, नंतर त्याचे लेखन आणि अखेरीस त्याला लाभणारी संस्थात्मक मान्यता, ही वाटचाल साहित्यातील प्रमाणग्रंथांच्या निर्मितीशी तपशिलात जुळते. अशा प्रक्रियेत जे एका पाठात स्थिर होते ते टिकते आणि इतर घराण्यांचे पाठभेद कडेला सरकतात, हेही साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

या भांडाराचे काव्याशी असलेले नाते केवळ गाण्यात शब्द असतात एवढ्यावर थांबत नाही. अनेक गूशे थेट छंदावर बांधलेले आहेत. ‘केरेश्मे’ हा वेगवेगळ्या दस्तगाहांत आढळणारा गूशे घ्या. त्याची लय ‘मुज्तस’ या अरूझी वृत्ताची आहे. मराठी लगक्रमात ती ‘लगालगा ललगागा’ अशी लिहिता येईल. हाफिजच्या अनेक गझला या वृत्तात आहेत. ‘मसनवी’ नावाच्या गूशेची लय ‘गालगागा गालगागा गालगा’ अशी, म्हणजे रूमीच्या मसनवीच्या वृत्ताची आहे. ‘साकीनामे’ हा गूशे मुतकारिब वृत्तात चालतो : ‘लगागा लगागा लगागा लगा’. समर्थांच्या मनाच्या श्लोकांमुळे भुजंगप्रयात ज्याच्या कानात बसला आहे, त्या मराठी वाचकाला साकीनामेची चाल प्रथम ऐकतानाच ओळखीची वाटेल. अखेरचे एक गुरू अक्षर तेवढे कमी आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. इराणी अभिजात संगीताचा मोठा भाग ‘आवाज’ म्हणजे तालमुक्त विस्तार असतो, मग छंदाचा मुद्दा कितपत टिकतो? परंतु तालमुक्त म्हणजे छंदमुक्त नव्हे. अशा विस्तारातही लघु-गुरूंचे परस्परप्रमाण शब्दाच्या उच्चारावरून येते. गूशेची रचनाही शेराच्या रचनेशी समांतर चालते. आधी स्वरक्षेत्राची ओळख करून देणारे ‘दरामद’, मग शेर, मग अक्षरावाचून केलेली ‘तहरीर’ ही कंठगत स्वरमाला, आणि अखेर मूळ स्वराकडे परतणारा ‘फुरूद’. वादक हीच मांडणी वाद्यावर करतो. गायक नसला तरी शेराची जागा रिकामी राहत नाही. तेथे लघु-गुरूंचा आराखडा नखाने उमटवला जातो आणि जाणता श्रोता त्यात मनातले शब्द भरतो. इराणी घरांत हाफिज, सादी आणि रूमी यांचे शेर पाठ असणे ही विद्वत्तेची खूण मानली जात नाही, ती सामान्य बाब आहे. म्हणूनच सेतार ऐकणे हा तेथे पुष्कळदा वाचनाचाच एक प्रकार ठरतो.

३

ही खोलीपुरती कला सार्वजनिक कशी झाली, याचे उत्तर मिर्झा अब्दुल्लांच्या धाकट्या पिढीत सापडते. त्यांचे पुत्र अहमद एबादी (१९०६-१९९३) वडिलांच्या निधनसमयी लहान होते. घरातली विद्या त्यांना पुढे बहिणींकडून मिळाली. सेतारीच्या इतिहासात हा तपशील कौटुंबिक प्रसंग म्हणून सांगितला जातो. परंतु ज्या परंपरेच्या वंशावळीत जवळजवळ केवळ पुरुषांची नावे येतात, त्या परंपरेचा धागा एका निर्णायक क्षणी स्त्रियांच्या हाती होता, हे त्यातून दिसते. याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

एबादींनी सेतार ध्वनिक्षेपकासमोर नेली. तेहरान रेडिओ १९४० मध्ये सुरू झाला. १९५६ मध्ये दाऊद पीरनिया यांनी त्यावर ‘गुलहा’ ही कार्यक्रममालिका आरंभली. ती १९७९ पर्यंत चालली. अभिजात फारसी कवितेचे पठण, त्या कवितेचे गायन आणि त्यांच्या मध्ये एकल वादन असा या मालिकेचा घाट होता. काव्यसंग्रहाचे संपादन आणि मैफल या दोन्ही गोष्टी तिने एकत्र केल्या, असे म्हणता येईल. एबादींची सेतार या घाटात अचूक बसली. मैफलीत जो क्षीण नाद दोष ठरला असता, तो ध्वनिक्षेपकाजवळ गुण ठरला. जुन्या पद्धतीत नख एकाच आघातात अनेक तारांवरून फिरते, साथीच्या तारा सतत झणकारत राहतात आणि मुख्य स्वर त्या गुंजनातून वर येतो. एबादींनी बहुतांशी एकाच तारेवर वाजवण्याची रीत पुढे आणली. त्यामुळे प्रत्येक स्वर सुटा, नितळ आणि श्रोत्याच्या कानाशी बोलल्यासारखा उमटला. त्यांनी तारांच्या मिळवणीतही विविधता आणली.

या बदलाचे मूल्यमापन करताना दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एका भूमिकेनुसार एबादींनी सेतारीला नवे जीवन दिले. दुसरीनुसार त्यांनी तिचे गुंजन, म्हणजे तिचा आत्माच, गमावला. प्रस्तुत लेखकाला या वादाचा वेगळा अर्थ दिसतो. एका तारेवरच्या वादनाने सेतार पठणाच्या अधिक जवळ आली. शेर म्हणणारा जसा एकेक अक्षर सुटे उच्चारतो, तसा स्वर सुटा झाला. ‘गुलहा’च्या श्रोत्याने नुकतेच कवितेचे पठण ऐकलेले असे, आणि पाठोपाठ येणारी सेतार त्याला त्याच कवितेची पुनरावृत्ती वाटे. लोकप्रियतेसाठी केलेली ही तडजोड काव्याच्या बाजूला झुकलेली होती, म्हणूनच ती स्वीकारली गेली. अबुल्हसन सबा (१९०२-१९५७) हे त्यांचे समकालीन. ते व्हायोलिनसाठी अधिक प्रसिद्ध असले तरी सेतारीतही त्यांची गती मोठी होती. त्या काळच्या शहरी श्रोत्याच्या अभिरुचीत या दोघांनी सेतारीला स्थान मिळवून दिले.

विरोधी प्रवाहही समर्थ होता. १९६८ मध्ये दारियुश सफवत यांच्या पुढाकाराने इराणी संगीताच्या जतन व प्रसाराचे केंद्र स्थापन झाले. नूर-अली बोरूमंद (१९०५-१९७७) हे दृष्टिहीन आचार्य तेथे आणि तेहरान विद्यापीठात मिर्झा अब्दुल्लांचा रदीफ शिकवीत. रेडिओच्या रंजनपरतेपासून दूर जाऊन जुन्या वादनरीतीकडे परतणे हे या वर्तुळाचे ध्येय होते. मोहम्मद-रझा लोत्फी (१९४७-२०१४), होसेन अलीझादे (जन्म १९५१) आणि दारियुश तलाई (जन्म १९५३) ही पुढची मोठी नावे याच वर्तुळातून आली. येथे एक विरोधाभास नोंदवला पाहिजे. रेडिओने सेतारीला श्रोते मिळवून दिले आणि केंद्राने तिला पाठ मिळवून दिला. पाठ नसता तर लोकप्रियता क्षणिक ठरली असती. श्रोते नसते तर पाठ अभिलेखागारात राहिला असता.

४

१९७९ च्या क्रांतीनंतर परिस्थिती पालटली. संगीताच्या सार्वजनिक सादरीकरणावर कठोर निर्बंध आले. पुरुष श्रोत्यांसमोर स्त्रीचे एकल गायन बंद झाले. राज्याच्या दूरचित्रवाणीवर वाद्य प्रत्यक्ष न दाखवण्याचा प्रघात पडला. संगीत ऐकू यावे, पण वाद्य दिसू नये, अशी ती विलक्षण व्यवस्था होती. १९८८ मध्ये वैध उपयोगासाठी वाद्यांची खरेदी-विक्री करण्यास अयातुल्ला खोमेनी यांच्या निर्णयाने मान्यता मिळाली. तोपर्यंतचा काळ संगीतकारांसाठी अनिश्चिततेचा होता.

नेमक्या याच दशकात सेतार पूर्वी कधी नव्हती इतकी लोकांच्या जवळ आली. जलाल झुल्फनून (१९३७-२०१२) आणि गायक शहराम नाझेरी यांची ‘गुल-ए-सद-बर्ग’ ही ध्वनिफीत १९८० च्या दशकात निघाली आणि अत्यंत लोकप्रिय झाली. तिच्यात रूमीचे काव्य होते आणि साथीला अनेक सेतारींचा समूह होता. एकांताचे वाद्य समूहात वाजवणे हा परंपरेला धक्का होता, पण त्या धक्क्यामुळे सेतारीचा नाद नव्या पिढीच्या कानावर पडला. या लोकप्रियतेचे कारण केवळ चालीत शोधता येणार नाही. युद्ध, टंचाई आणि निर्बंध यांच्या काळात रूमीच्या शब्दांना जो अर्थ प्राप्त झाला होता, त्याचा भार सेतारीने उचलला. मैफली थांबल्या तेव्हा खोलीपुरते वाद्य पुन्हा खोलीत परतले, फक्त या वेळी खोल्या असंख्य होत्या.

सेतार पूर्वी झग्याखाली लपवून नेता येई, असे परंपरा सांगते. तिच्या चौथ्या तारेची कथाही अशीच सूचक आहे. ‘सेतार’ म्हणजे तीन तारा. चौथी तार जोडण्याचे श्रेय मुश्ताक अली शाह या दरवेशाला दिले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस केरमान येथे जमावाने त्याला दगडांनी ठार केले. ती तार आजही ‘मुश्ताक’ या नावाने ओळखली जाते. या कथेमुळे सेतारीभोवती सूफी वलय निर्माण झाले, आणि आज जाहिरातींपासून ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांपर्यंत तेच वलय विकले जाते. समीक्षकाने येथे सावध राहायला हवे. सेतार मूलतः गूढवादी आहे म्हणून लोकप्रिय झाली, हे विधान कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करते. ती लहान, मंद आणि लपवता येण्याजोगी होती, म्हणून ज्यांना उघडपणे बोलता येत नव्हते त्यांच्या उपयोगी पडली. गूढतेचा अर्थ तिला या उपयोगातून मिळाला.

याच ठिकाणी स्त्रियांचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. स्त्रीच्या एकल कंठाला सार्वजनिक बंदी असली तरी तिच्या वादनाला तशी सरसकट बंदी नव्हती. ज्या गझलेचा शेर ती रंगमंचावर एकटीने गाऊ शकत नव्हती, त्या शेराचा लगक्रम ती नखाने वाजवू शकत होती, आणि श्रोते मनात शब्द म्हणू शकत होते. एबादींच्या बहिणींनी घरात राखलेली विद्या आणि नंतरच्या काळात सेतार शिकणाऱ्या इराणी मुली यांच्यात शंभर वर्षांच्या आसपास अंतर आहे. परंतु दोन्हीकडे वाद्याने कंठाची जागा घेतली आहे. वाद्याच्या लोकप्रियतेत एका समाजाचे मौन किती आहे, याचा विचार केल्याशिवाय तिचे कौतुक अपुरे राहते.

५

इराणबाहेर सेतारीचा आणि तिच्या सहवाद्यांचा प्रवास ‘जागतिक संगीत’ या बाजारपेठेतून झाला. कमानचेवादक कैहान कल्होर आणि आपले सतारवादक शुजात हुसेन खान यांनी ‘गझल’ नावाचा गट स्थापन केला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९७ मध्ये निघाली. दोन्ही वादकांच्या गुणवत्तेविषयी शंका नाही, आणि त्यांचा संवाद श्रवणीयही आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गटाचे नाव ‘गझल’ असले तरी पाश्चात्त्य सभागृहातील बहुसंख्य श्रोत्यांपाशी गझलेचा एकही शेर पाठ नसतो. तेथे लगक्रमाचा आराखडा वाजतो, पण त्यात भरायला मनात शब्द नसतात. ती रिकामी जागा मग ‘पूर्वेची गूढता’ भरून काढते. अनुवादात कवितेचा छंद गळून पडतो, अशी तक्रार आपण नेहमी करतो. येथे उलट घडते : छंद उरतो आणि कविता गळून पडते.

हा प्रश्न मराठीलाही परका नाही. ‘सतार’ हा आपला शब्द ‘सेतार’वरूनच आला आहे. मात्र नाव आले म्हणून वाद्य जसेच्या तसे आले असे नव्हे. सतारीचा जनक अमीर खुसरो (१२५३-१३२५) असल्याच्या आख्यायिकेला समकालीन पुरावा नाही. अॅलिन मायनर यांच्या संशोधनाने सतारीचा उगम अठराव्या शतकातील दिल्लीत, सदारंग यांचे बंधू खुसरो खान यांच्यापाशी नेऊन ठेवला आहे. पुढे हे वाद्य रागसंगीताचे झाले. मिरजेच्या कारागिरांनी त्याला भोपळ्याचा घाट आणि नाव मिळवून दिले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकनही लाभले. दुसरीकडे फारसी गझल मराठीत ग्रंथमार्गाने आली. माधव जूलियन (१८९४-१९३९) हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ मध्ये आणि ‘गज्जलांजली’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘छंदोरचना’मध्ये त्यांनी अरूझी वृत्ते लगक्रमात बसवून मराठी छंदःशास्त्राशी जोडली. म्हणजे वाद्याचे नाव एका वाटेने आले आणि वृत्त दुसऱ्या वाटेने. इराणात ज्या दोन गोष्टी एकाच खोलीत नांदत होत्या, त्या आपल्याकडे वेगवेगळ्या घरांत राहिल्या. मराठी गझलेची चर्चा म्हणूनच मात्रा, काफिया आणि आशय यांच्याभोवती फिरते. लगक्रम वाद्यावर कसा चालतो, हा प्रश्न तिच्यात क्वचितच येतो.

तौलनिक साहित्याने फारसी गझलेचा अभ्यास पुष्कळ केला आहे, पण तो प्रामुख्याने छापील पाठाचा अभ्यास आहे. संगीतशास्त्राने रदीफाचा अभ्यास केला आहे, पण त्यात कविता बहुधा स्वरांना आधार म्हणून येते. सेतार या दोन्ही अपुरेपणांवर बोट ठेवते. मिर्झा अब्दुल्लांपासून झुल्फनून यांच्यापर्यंतच्या वादकांनी जे केले, ते एका अर्थी कवितेचे भाष्यच होते. त्या भाष्याला शब्द नव्हते, परंतु ते कोणत्या शब्दांवर आहे हे श्रोत्याला ठाऊक होते. त्या वाद्याच्या लोकप्रियतेचे भवितव्यही वाद्यापेक्षा या ठाऊक असण्यावर अधिक अवलंबून आहे. शेर मुखोद्गत असणारी पिढी सरली, तर सेतार वाजत राहील, शिकणारेही असतील. मात्र ज्या स्वाराच्या पाठीमागे ती इतका काळ बसून आली, तो स्वार पुढे दिसेनासा झालेला असेल.